तांत्रिक बौद्ध मत आलं कुठून आणि सांगतं काय

प्रश्न असा आला आहे: "बुद्धांनी मंत्रतंत्र, होमहवन, चमत्कार सगळं नाकारलं असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मग तांत्रिक बौद्ध धर्म हा प्रकार आला कुठून? हा हिंदू तंत्राचा शिरकाव समजायचा का? त्यात नेमकं सांगितलंय काय? आणि भारतातून बौद्ध धर्म गेला तो यामुळेच का?"

मी बौद्ध संस्कृत ग्रंथ शिकवतो आणि विद्यार्थ्यांना घेऊन वेरूळच्या बाराव्या लेण्यात उभा राहतो, तेव्हा हेच प्रश्न याच क्रमाने येतात. माझं मत आधीच सांगून टाकतो. तंत्राची बाह्य सामग्री, म्हणजे मंडल, अभिषेक, होम, कवट्या, उग्र देवता, ही बरीचशी बाहेरून आली. पण त्या सामग्रीकडून जे काम करून घेतलं ते महायानाचंच होतं: शून्यता, म्हणजे कशालाच स्वतःचा स्थिर स्वभाव नाही ही जाणीव, आणि करुणा. त्यामुळे "शिरकाव" म्हणणारे निम्मे बरोबर आहेत आणि "हे सगळं बुद्धांनीच गुप्तपणे शिकवलं" म्हणणारी परंपरा इतिहास म्हणून टिकत नाही. सर्वात जुने तंत्रग्रंथ बुद्धांनंतर हजारएक वर्षांनी रचले गेले, यात आज अभ्यासकांचं दुमत नाही.

आधी बुद्धांनी काय नाकारलं ते नीट पाहू. दीघनिकाय या पाली ग्रंथातल्या केवट्टसुत्तात केवट्ट नावाचा गृहस्थ बुद्धांना सुचवतो की एखाद्या भिक्खूला चमत्कार करून दाखवायला सांगा, म्हणजे लोकांची श्रद्धा वाढेल. बुद्ध म्हणतात, त्याचा उपयोग नाही. अश्रद्ध माणूस म्हणेल, याला गांधारी विद्या, म्हणजे एक जादूचा मंत्र, येत असेल, त्यात काय मोठंसं! असल्या प्रदर्शनाची आपल्याला लाज वाटते, असंही ते स्पष्ट सांगतात. गंमत म्हणजे हा संवाद घडतो नालंदेत, जिथे पुढे तंत्राचे मोठमोठे आचार्य झाले.

पण याच पाली साहित्यात आटानाटियसुत्त आहे. यक्ष-भुतांपासून रक्षण व्हावं म्हणून ते म्हणायचं. रतनसुत्त, मंगलसुत्त हीही रक्षणासाठी म्हटली जातात. आपल्याकडे नव्या घरात परित्राणपाठ होतो, पाण्याचं भांडं आणि सूत मध्ये ठेवलेलं असतं, तो याच जुन्या रिवाजाचा धागा. शब्दांच्या उच्चारात रक्षणाचं बळ आहे ही समजूत बौद्ध समाजात पहिल्यापासून होती, आणि महायानात तिला धारणींचं रूप आलं. धारणी म्हणजे सूत्राचं सार साठवलेली मंत्रमाला. पहिली काही शतकं तिचा उपयोग साप-विंचू, ताप, दुष्काळ, वाटमारी यांपासून बचावासाठीच मुख्यतः होता. मोक्षाशी तिचा थेट संबंध नव्हता.

तो संबंध सातव्या शतकात जोडला गेला. ह्युएन त्संग 645 मध्ये चीनला परतला. त्याच्या प्रवासवर्णनात नालंदेतल्या महायानाबद्दल भरभरून आहे, तंत्रमार्गाबद्दल मात्र जवळजवळ काही नाही. त्यानंतर चाळीस वर्षांच्या आत वू-शिंग नावाचा दुसरा चिनी भिक्षू लिहितो की मंत्रांची नवी पद्धत भारतात फार मानली जाऊ लागली आहे. हा वू-शिंग परतीच्या वाटेवर वारला, पण त्याने जमवलेल्या पोथ्या चीनला पोहोचल्या. 716 मध्ये शुभाकरसिंह नावाचा वृद्ध भारतीय आचार्य चांगआनला पोहोचला आणि 724-25 मध्ये त्याने यी-शिंग या चिनी भिक्षूच्या मदतीने महावैरोचनाभिसंबोधि या ग्रंथाचं चिनी भाषांतर केलं. पाठोपाठ वज्रबोधि आणि त्याचा शिष्य अमोघवज्र यांनी दुसरा पायाभूत ग्रंथ, सर्वतथागततत्त्वसंग्रह, तिकडे नेला. चीनमधून कूकाई नावाच्या जपानी भिक्षूने 806 मध्ये हे सगळं जपानला नेलं. कोया पर्वतावर आजही रोज होम होतो तो त्याच परंपरेतला.

आता वेरूळ. बारावं लेणं, तीन ताल, साधारण याच काळातलं, म्हणजे आठव्या शतकाच्या सुरुवातीचं. आत शिरलं की बहुतेक लोक तडक वरच्या मजल्यावर जातात, कारण तिथल्या सलग बसलेल्या सात बुद्धांचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. मी विद्यार्थ्यांना खालच्याच मजल्यावर थांबवतो. तिथे भिंतीवर नऊ चौकटींचा एक पट कोरला आहे, तीन ओळी, तीन रकाने. मधल्या चौकटीत ध्यानस्थ बुद्ध आणि भोवतीच्या आठ घरांत आठ बोधिसत्त्व. हातातली चिन्हं बघत गेलं की ओळख पटते: कमळ धरलेला अवलोकितेश्वर, कमळावर वज्र असलेला वज्रपाणि, पोथीवाला मंजुश्री, मुकुटात छोटा स्तूप असलेला मैत्रेय. हे मंडल आहे. रंगीत वाळूचं तिबेटी मंडल डोळ्यांसमोर असलेल्यांना ते पटकन पटत नाही, पण रचनेचा नियम तोच: मध्ये एक, भोवती त्याचा परिवार, आणि प्रत्येकाची जागा ठरलेली. अष्टमहाबोधिसत्त्वांच्या मंडलावरच्या एका छोट्या सूत्राचं भाषांतर अमोघवज्राने चिनीत केलेलं आहे. म्हणजे तिकडे चांगआनमध्ये जे कागदावर उतरत होतं ते इकडे मराठवाड्यातल्या बेसाल्टमध्ये कोरलं जात होतं. मग वर गेलात की गर्भगृहाच्या पुढच्या दालनात बारा देवी बसलेल्या दिसतील. सगळ्यांची नावं ठामपणे लावता येत नाहीत, पण धारणींना मिळालेलं देवीरूप म्हणूनच त्यांच्याकडे पाहिलं जातं. अजिंठ्याच्या अखेरच्या लेण्यांपासून इथवर दोन-अडीच शतकांत केवढा बदल झाला हे पुस्तकापेक्षा त्या जिन्यावर जास्त कळतं.

हे सातव्या शतकातच का झालं? एक स्पष्टीकरण राजकीय आहे. हर्षवर्धन 647 मध्ये गेला, उत्तरेत एकछत्री सत्ता उरली नाही, सामंतांचे सामंत अशी रचना सगळीकडे आली. तंत्राची भाषा बघा: अभिषेक, मुकुट, मंडल, कुल, मंत्र. सगळी राजदरबाराची. कौटिल्यही राजमंडलाबद्दलच बोलतो. शिष्याला मंडलात प्रवेश देऊन, डोक्यावर कलशाचं पाणी घालून, मुकुट चढवून, हातात वज्र आणि घंटा देऊन आचार्य जणू त्याचा राज्याभिषेकच करतो. हे स्पष्टीकरण मला रूपापुरतं पटतं. मठांना देणग्या देणारे हेच सामंत होते आणि त्यांना शांती, पुष्टी, वशीकरण, अभिचार (शत्रूचा घात) असली कर्मं करून हवी होती. ती करून देणारे शैव गुरू शेजारीच होते. पण त्या अभिषेकानंतर साधकाने आत काय करायचं, हे त्यातून उलगडत नाही.

शैवांकडून किती घेतलं? पुष्कळ. अभ्यासक अलेक्सिस सँडरसन यांनी चक्रसंवर या बौद्ध तंत्रातले उतारेच्या उतारे ब्रह्मयामलासारख्या शैव ग्रंथांतून आल्याचं ओळी समोरासमोर ठेवून दाखवलं, आणि काही ठिकाणी ते बौद्ध साच्यात नीट बसवलेही गेलेले नाहीत. यावर चिडण्याचं कारण नाही. त्या काळात शैव, वैष्णव, जैन, बौद्ध सगळेच एकमेकांचं उचलत होते.

मात्र उचलताना बौद्धांनी हिशेबही चुकता केला. वर आलेल्या सर्वतथागततत्त्वसंग्रहात एक कथा आहे. मेरूच्या शिखरावर वज्रपाणि सगळ्या देवांना बोलावतो. महेश्वर येतो, पण शरण जायला नकार देतो. मी त्रैलोक्याचा अधिपती, एका यक्षाचं का ऐकू, म्हणतो. वज्रपाणि उग्र रूप धारण करून त्याला आणि उमेला पायांखाली घेतो. बोधगया आणि नालंदा परिसरात सापडलेल्या त्रैलोक्यविजयाच्या, म्हणजे या उग्र रूपाच्या, मूर्तींत हाच क्षण आहे. ही मूर्ती बघून आज काहींना राग येतो, काहींना आनंद होतो. दोघेही कथेचा शेवट वाचत नाहीत. वज्रपाणीच्या पायाच्या त्या स्पर्शानेच महेश्वराला बोधी लाभते आणि तो दुसऱ्या एका लोकधातूत भस्मेश्वरनिर्घोष नावाचा बुद्ध होतो. प्रतिस्पर्ध्याला तुडवलं, त्याची कवटी-भस्म अंगावर घेतली आणि त्यालाच बुद्धही करून टाकलं. आक्रमकता आणि आत्मसात करणं एकाच दमात. तंत्र सगळ्याच गोष्टींशी असं वागतं, स्वतःच्या क्रोधाशी आणि वासनेशीसुद्धा.

इथून गाभ्याकडे येतो.

महायानात बोधिसत्त्वाने सहा पारमिता पूर्ण करत तीन असंख्येय कल्प चालायचं असतं. तंत्र म्हणतं, फळालाच मार्ग करा. बुद्ध होण्यासाठी साधना करू नका, बुद्ध म्हणून साधना करा. ऐकायला हे उद्धट वाटतं, म्हणून प्रत्यक्ष कृती पाहू. साधनमाला नावाचा तीनशेहून अधिक साधनांचा संस्कृत संग्रह आहे. त्यात अनुपमरक्षित नावाच्या आचार्याची तारा या देवीची एक साधना आहे. साधक सकाळी तोंड धुऊन, मऊ आसनावर, एकांतात बसतो. हृदयात चंद्रमंडल आणि त्यावर 'तां' हे बीजाक्षर कल्पितो. त्यातून निघालेले किरण दाही दिशांचे बुद्ध आणि बोधिसत्त्व समोर आकाशात आणतात. त्यांची पूजा, मग पापदेशना (पापांची कबुली), इतरांच्या पुण्याचं अनुमोदन, त्रिशरण, बोधिचित्ताचा संकल्प. नंतर मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा या चार भावना. इथवर तुम्हाला काही परकं वाटणार नाही. पाली परंपरेतल्या माणसालाही यातलं बरंच ओळखीचं आहे. आता कळीची जागा येते. साधक सगळे धर्म, म्हणजे सगळ्या वस्तू, स्वभावशून्य आहेत याचं चिंतन करतो आणि म्हणतो: "ॐ शून्यताज्ञानवज्रस्वभावात्मकोऽहम्". समोरचे देव, पूजा, स्वतःचा देह, सगळं त्यात विरतं. त्या शून्यतेतून पुन्हा 'तां' उमटतं, त्यातून निळं कमळ, आणि त्यातून हिरवी तारा. ती तारा साधक स्वतः असतो. त्या भावात तो "ॐ तारे तुत्तारे तुरे स्वाहा" जपतो, शेवटी सगळं विसर्जित करतो आणि पुण्य सर्व सत्त्वांना देऊन उठतो.

यात देवाची करुणा भाकणं नाही. "मी अमुक, मला हे जमत नाही, मला तो आवडत नाही" ही आपली नेहमीची ओळखही कल्पनेनेच उभी केलेली आहे, असं महायान सांगतं. तंत्र त्या कल्पनेच्या जागी दुसरी, मुद्दाम घडवलेली ओळख ठेवतं आणि मधे शून्यतेचा टप्पा घालतं, म्हणजे दुसरीलाही तुम्ही चिकटणार नाही. ग्रंथ याला देवताहंकार म्हणतात. शून्यतेचा टप्पा गाळून नुसता देवताहंकार केला तर हाती काय येतं ते सांगायला नको. स्वतःला देव समजणारी माणसं आपण पाहतोच. म्हणून परंपरेत हा टप्पा न समजलेल्याला पुढे जाऊ देत नाहीत. वज्र या नावामागेही हेच आहे. प्रसिद्ध श्लोक असा: "दृढं सारमसौशीर्यमच्छेद्याभेद्यलक्षणम् । अदाहि अविनाशि च शून्यता वज्रमुच्यते ॥" जी छेदता, भेदता, जाळता येत नाही ती शून्यता म्हणजे वज्र.

जाता जाता: साधनमाला, गुह्यसमाज, अद्वयवज्रसंग्रह हे ग्रंथ पहिल्यांदा नागरीत छापले गेले ते बडोद्याला, गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये, 1925 ते 1931 या काळात. सयाजीराव महाराजांच्या नावावर आपण वाचनालयं आणि शिष्यवृत्त्या जमा करतो, हे मात्र विसरतो.

दुसरी कल्पना क्लेशांबद्दल, म्हणजे मनाच्या विकारांबद्दल. जुना मार्ग राग (इथे अर्थ संताप नव्हे, आसक्ती), द्वेष, मोह यांचा उच्छेद करायला सांगतो. तंत्र म्हणतं, त्यांच्यातली ऊर्जा फेकू नका, तिचा स्वभाव ओळखा. पाच तथागतांची (बुद्धांची) योजना याच्यासाठी आहे. अक्षोभ्य हा निळा, विज्ञानस्कंधाचा, म्हणजे जाणिवेचा. द्वेष शुद्ध झाला की आदर्शज्ञान, म्हणजे आरशासारखं जसंच्या तसं दाखवणारं ज्ञान होतो. अमिताभ लाल, संज्ञेचा, म्हणजे वस्तू ओळखण्याचा. राग शुद्ध झाला की प्रत्यवेक्षणज्ञान, म्हणजे प्रत्येक गोष्टीचं वेगळेपण टिपणारी दृष्टी. तसंच वैरोचन, रत्नसंभव आणि अमोघसिद्धि यांच्याकडे मोह, मान आणि ईर्ष्या. थोडा विचार केला तर हे नुसतं कोष्टक वाटत नाही. संतापलेल्या माणसाला समोरच्याचे दोष किती लख्ख दिसतात! त्या लख्खपणातून 'मी' काढून घेता आला तर काय उरेल, असा हा प्रश्न आहे. हेवज्रतंत्राची भाषा अधिक धीट: "रागेण बध्यते लोको रागेणैव विमुच्यते", आसक्तीने लोक बांधले जातात आणि आसक्तीनेच सुटतात. ज्या विषाने माणसं मरतात त्याच विषाने विषवैद्य विष उतरवतो, असा दाखलाही तिथेच आहे. यातला 'वैद्य' हा शब्द हौशी वाचकांच्या नजरेतून नेहमी सुटतो.

आणि इथून आपण त्या भागाशी येतो ज्याबद्दल लोकांना खरं विचारायचं असतं. होय, गुह्यसमाज, हेवज्र, चक्रसंवर यांत मैथुन आहे, मद्य-मांस आहे, गाय-कुत्रा-हत्ती-घोडा-माणूस अशा पाच मांसांचा उल्लेख आहे. आधुनिक टीकाकार "हे सगळं निव्वळ प्रतीक" म्हणून झाकतात ते मला पटत नाही. निदान काही मंडळींनी ते प्रत्यक्ष केलं. ते धक्कादायक आहे हे रचणाऱ्यांनाही ठाऊक होतं: गुह्यसमाजाच्या पाचव्या पटलात ही शिकवण ऐकून जमलेले बोधिसत्त्व आधी "भगवान असं दुर्भाषित का बोलतात?" म्हणतात आणि मग भीतीने मूर्च्छित पडतात. शुद्ध-अशुद्ध हा भेद मनाने केलेला आहे, हे तोंडाने मान्य करणाऱ्या विद्वान भिक्षूच्या ताटात निषिद्ध वस्तू ठेवली की त्याचा सिद्धान्त किती खोल गेलाय ते कळतं. हा त्यामागचा रोख. जातीच्या सोवळ्याओवळ्यावरही त्याचा घाव बसत होता, म्हणूनच डोंबी, चांडाली ही अस्पृश्य मानलेल्या जातींतल्या स्त्रियांची नावं तिथे साधनेच्या सर्वोच्च जागी आहेत. त्या स्त्रियांना स्वतःला त्यातून काय मिळालं, हा प्रश्न मात्र ग्रंथ क्वचितच विचारतात, आणि ही या साहित्यातली मोठी उणीव आहे.

शिवाय हेवज्रात संकेतभाषाही दिली आहे: मदन म्हणजे मद्य, बल म्हणजे मांस, मलयज म्हणजे भेट. ही भाषा न कळता शब्दशः वाचणारा फसतो आणि सगळंच रूपक मानणाराही फसतो. मठांनी काढलेला तोडगा व्यवहारी होता. अतीश हा भारतीय आचार्य, जो 1042 मध्ये तिबेटला पोहोचला, त्याने बोधिपथप्रदीपात स्वच्छ लिहिलं की ब्रह्मचर्याचं व्रत असलेल्याने गुह्य आणि प्रज्ञाज्ञान हे मैथुनाशी जोडलेले दोन अभिषेक घेऊ नयेत. पुढे हे सगळं मनोमन, कल्पनेत आणि नाडी, चक्र, बिंदू यांच्या योगात करायची पद्धत रूढ झाली. आजच्या तिबेटी मठात भिक्षू जे करतो ते हे.

मग बौद्ध धर्म यामुळे बुडाला का? मला तरी नाही वाटत. विक्रमशीला हे तंत्राचं सर्वात मोठं केंद्र, आणि तिथली शिस्त व न्यायशास्त्राचा अभ्यास दोन्ही कडक होते. जो मार्ग तिबेट, नेपाळ, जपानमध्ये हजार वर्षं टिकला त्याच्यातच मरणाचं बीज होतं म्हणणं पटायला कठीण. मोठे मठ राजे आणि व्यापारी यांच्या दानावर चालत. आपल्याकडे ते दान आधीच आटलं होतं. कान्हेरीला नवव्या शतकाच्या मध्यात देणगी देणारा एक उपासक थेट गौड देशातून, म्हणजे बंगालकडून आलेला आहे, ही गोष्ट बोलकी आहे. बिहार-बंगालमध्ये पाल राजे गेले आणि 1200 च्या सुमारास हल्ल्यांत विहार पडले. 1234 नंतर धर्मस्वामी नावाचा तिबेटी यात्रेकरू नालंदेला आला तेव्हा नव्वदी ओलांडलेले राहुलश्रीभद्र सत्तरएक विद्यार्थ्यांना शिकवत होते. एवढं मात्र मान्य करतो की गावातल्या सामान्य माणसाला शैव उग्र देवता आणि बौद्ध उग्र देवता यांत फरक दिसेनासा झाला होता, आणि मठ पडल्यावर तो फरक सांगणारं कोणी उरलं नाही.

याचा पुरावा कोकणात आहे. दापोली तालुक्यातल्या पन्हाळेकाजीच्या लेण्यांत अक्षोभ्य आहे आणि महाचंडरोषणाची मूर्ती आहे, उजव्या हातात तलवार, डाव्यात पाश. जपानमध्ये अचल म्हणून घरोघर पुजला जातो तो हाच. त्याच ओळीत पुढे गणेश, शिव आणि मग नाथसिद्धांच्या मूर्ती. मत्स्येंद्र आणि गोरक्ष ही नावं तिबेटी परंपरेच्या चौऱ्यांशी सिद्धांतही आहेत आणि ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या शेवटी ज्ञानदेव सांगतात त्या गुरुपरंपरेतही. म्हणून वारकरी संप्रदाय तांत्रिक बौद्धांतून निघाला असं कोणी म्हणायला लागलं तर ते मला ताणलेलं वाटतं. सिद्धांचा एक सामायिक वावर होता आणि पंथांच्या भिंती नंतर पक्क्या झाल्या, इतपत म्हणता येतं.

1956 च्या धम्मक्रांतीत या मार्गाला जागा नाही, आणि का नाही हेही समजण्यासारखं आहे. कर्मकांडातून सुटू पाहणाऱ्या समाजाला अभिषेक आणि होम कशाला हवेत? काय आचरायचं हा तुमचा निर्णय. पण वेरूळचं बारावं लेणं कोरणारेही स्वतःला बुद्धाचेच म्हणवत होते, तेव्हा अभ्यास करताना त्यांना यादीतून गाळू नका. पाहायचं असेल तर आधी वेरूळ करा, दहाव्या लेण्याकडून बाराव्याकडे या, मग पन्हाळेकाजी; तिथे पावसाळ्यात ओढ्याला पाणी असतं आणि कातळ निसरडा होतो, म्हणून नोव्हेंबरनंतर जा आणि बॅटरी बरोबर ठेवा.